वर्गाने मिळून रचलेली गोष्ट

मराठी शाळेला गोष्टीचा तास नवा नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास बहुधा गोष्टीचा असे, आणि ज्या गुरुजींना किंवा बाईंना गोष्ट रंगवता येई त्यांची आठवण विद्यार्थी पुढे पन्नास वर्षे काढीत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ची रचनाही रात्रीमागून रात्री सांगितलेल्या आठवणींचीच आहे. या परंपरेचे मराठी मनावरील ऋण फार मोठे आहे. मात्र तिच्यात एक गृहीत दडलेले असते. सांगणारा एक असतो, ऐकणारे अनेक असतात. गोष्ट वडिलांकडून मुलांकडे येते, उलट दिशेने जात नाही.

याच्या शेजारी दुसरी एक परंपरा आहे. ती वयाने लहान आणि प्रसिद्धीने त्याहून लहान आहे. तिच्यात गोष्ट वर्ग रचतो. एक मूल पहिले वाक्य उच्चारते, दुसरे ते पुढे नेते, तिसरे हरकत घेते, आणि शिक्षक ते सारे लिहून घेतो. या परंपरेला दिल्लीत जे रूप आले ते देशातल्या फार थोड्या शहरांत आले असेल. पण दिल्लीच्या वस्त्यांकडे वळण्यापूर्वी जरा मागे जायला हवे, कारण वर्गाने मिळून गोष्ट रचल्याचा पहिला तपशीलवार लेखी वृत्तान्त रशियातील एका खेड्यातून आलेला आहे.

लिओ टॉल्स्टॉय यांनी १८५९ साली यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी तेव्हा लिहायची होती. ते तिशीतले नावाजलेले लेखक होते आणि मुलांना लिहायला कसे शिकवावे या प्रश्नाने हैराण झाले होते. नेमून दिलेल्या विषयांवर मुले निर्जीव निबंध लिहीत. टॉल्स्टॉय यांना म्हणींचा नाद होता. एकदा त्यांनी म्हणींचे पुस्तक वर्गात नेले आणि एखाद्या म्हणीवर गोष्ट लिहावी असे सुचवले. हे आपल्याला कुठले जमायला, असे मुलांना वाटले. तुम्हीच लिहा, म्हणाली. निवडलेली म्हण चमच्याने भरवायचे आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा टोचायचा, अशा अर्थाची होती. उपकार करून ते बोलून दाखवण्याची जी खोड आपल्याकडे घरोघर ओळखीची आहे, तीच ही.

टॉल्स्टॉय लिहायला बसले. एका शेतकऱ्याने भिकाऱ्याला घरात घेतले आणि मग तो त्याला ऊठसूट आपले उपकार ऐकवू लागला, अशी कल्पना त्यांनी मांडली. पहिले पान वाचून दाखवताच मुले खुर्चीभोवती गोळा झाली आणि सूचनांचा पाऊस पडला. म्हातारा जादूगार असावा, असे कोणी म्हणाले. त्याने घरात चोरी करावी, असे दुसऱ्याने सुचवले. तसे केले तर म्हणीशी जुळणार नाही, असे तिसऱ्याने बजावले. हळूहळू बाकीची मुले पांगली आणि फेद्का व स्योम्का हे दोघे उरले. संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू झालेले हे काम रात्री अकरापर्यंत चालले. टॉल्स्टॉय लिहीत होते आणि मुले सांगत होती. भूक लागली, डोळे जड झाले, तरी त्यांना थांबायचे नव्हते. लेखणी थबकली की ती रागवत. एका प्रसंगी शेजाऱ्याच्या अंगावर बायकी कोट असावा, असा फेद्काने हट्ट धरला. बायकी का, याचे कारण त्याला देता आले नाही. तो तसाच होता, एवढेच तो सांगत राहिला. त्या एका तपशिलाने तो शेजारी, त्याची घाई, त्याचे घर असे सारे उभे राहते, हे टॉल्स्टॉय यांच्यातल्या कादंबरीकाराला तत्काळ कळले. १८६२ साली त्यांनी या अनुभवावर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच प्रश्न विचारला की लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून.

या कथेला एक करुण पुरवणी आहे. टॉल्स्टॉय काही दिवस बाहेरगावी गेले असताना शाळेत कागदाची खेळणी करण्याची टूम निघाली आणि हस्तलिखिताची पाने त्या खेळण्यांत खर्ची पडून अखेर चुलीत गेली. टॉल्स्टॉय यांना ते फार जिव्हारी लागले. त्यांचा चेहरा पाहून फेद्का आणि स्योम्का यांनी आपण होऊन गोष्ट पुन्हा लिहिण्याची तयारी दाखवली आणि रात्री मुक्कामाला राहून ती आठवणीतून पुन्हा रचली. काही निसटले, काही नवे आले. मराठी वाचकाला येथे लीळाचरित्राची आठवण व्हावी. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या अशा माणसांकडून हिंडून गोळा केल्या. मूळ पोथी पुढे धामधुमीच्या काळात नष्ट झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, असे महानुभाव परंपरा मानते. त्या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आजही त्याची साक्ष देतात. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो एकट्याने एकांतात लिहिलेला नाही, ही बाब शाळेतल्या निबंधाच्या वहीपासून मात्र फार दूर राहिली.

टॉल्स्टॉय यांच्या निष्कर्षाला पुढे एक मार्मिक उत्तर मिळाले. मॉस्कोतील मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी बालपणीच्या कल्पनाशक्तीवर १९३० साली एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात या प्रयोगाची चर्चा केली. टॉल्स्टॉय यांचा दावा असा की मुलाच्या ठायी सौंदर्याची जाण उपजतच असते. मोठ्यांनी ती बिघडवू नये, एवढेच काम. व्हिगॉट्स्कींनी प्रयोगाचे मोल मान्य केले, पण दावा नाकारला. त्या संध्याकाळी यास्नाया पोल्यानात जे घडले ते अस्सल शिक्षणच होते, असे त्यांचे म्हणणे. विषय टॉल्स्टॉय यांनी आणला, आरंभ त्यांनी केला, निवड करायला लावली, मुलांचे शब्द कागदावर उतरवून त्यांना वजन दिले. मुले एकटी नव्हती. त्यांच्याबरोबर एक जाणता सहकारी काम करीत होता.

व्हिगॉट्स्कींचा पक्ष अधिक खरा वाटतो, आणि तो समजायला मराठी माणसाला फार लांब जावे लागत नाही. महाभारत लिहून घेताना गणेशाने अट घातली की लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याखेरीज अक्षर लिहायचे नाही, ही कथा लहानपणी सर्वांनीच ऐकलेली असते. वर्गाने मिळून रचलेल्या गोष्टीत या दोन्ही अटी लागू पडतात; फक्त व्यासांच्या आसनावर चाळीस मुले बसलेली असतात आणि गणेशाचे काम शिक्षकाकडे येते. तो केवळ उतरवून घेणारा कारकून नव्हे. ‘म्हणजे काय?’, ‘मग तो परत कशाला आला?’, ‘नदी होती म्हणालात, ती ओलांडली कशी?’ असे विचारल्यावाचून त्याने पुढचे वाक्य लिहू नये. आणि उत्तर स्वतः देऊ नये. हे दुसरे कलम पहिल्यापेक्षा कठीण आहे. चांगला कथेकरी असलेल्या शिक्षकाला तर ते सर्वांत कठीण जाते.

भारतात शाळेच्या केंद्रस्थानी गोष्ट आणण्याचे श्रेय गिजुभाई बधेका यांचे. १९२० साली भावनगरात दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. मादाम माँटेसरींच्या पद्धतीवर त्याची उभारणी होती, पण खुद्द माँटेसरींना लहान मुलांना परीकथा सांगणे फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंनी या बाबतीत गुरूचे ऐकले नाही. गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ‘दिवास्वप्न’ या कथारूप पुस्तकात चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणारा एक शिक्षक रंगवला. त्याचा पहिला दिवस फसतो आणि गोष्ट सुरू होताच वर्ग त्याच्या हाती येतो. पुढे त्याच वर्गातली मुले पाठांतर न करता गोष्टींची नाटके करतात, संवाद आयत्या वेळी जुळवतात. सांगितलेल्या गोष्टीकडून रचलेल्या गोष्टीकडे जाण्याची पायरी ही इथे दिसते, जरी गिजुभाईंनी तिचा वेगळा डांगोरा पिटला नाही. भावनगरात त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला. बोर्डी आणि १९५७नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी तो वारली पाड्यांवर नेला, तेव्हा प्रश्न एकदम पालटला. मुलांची भाषा पुस्तकाची नव्हती. अशा ठिकाणी मुलांकडून गोष्ट घेणे हा हौसेचा उपक्रम राहत नाही. शाळा आपली आहे की परक्याची, याचा निर्णय त्यावर होतो.

भाषेचा हाच प्रश्न दिल्लीतही होता, मात्र त्याकडे वळायला दिल्लीला वेळ लागला. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत मुलांच्या वाङ्मयाच्या संस्था राजधानीत एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली मुलांसाठी चित्र-लेखनाची स्पर्धा सुरू केली आणि ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली. त्यांनीच १९५७ साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केला. नॅशनल बुक ट्रस्टची स्थापनाही त्याच वर्षीची. १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीईआरटी, अस्तित्वात आली. नॅशनल बुक ट्रस्टने नेहरू बाल पुस्तकालयाची स्वस्त, सचित्र पुस्तके मराठीसह अनेक भाषांत काढली. ‘दिवास्वप्न’ आणि ‘तोत्तोचान’ ही पुस्तके देशभरच्या शिक्षकांच्या हाती पडली ती याच संस्थेमुळे. हे काम थोर होते. तरीही त्याची दिशा बहुतांशी जुनीच होती. पुस्तक मोठ्यांनी लिहायचे, मुलांनी वाचायचे; मुलांनी लिहिलेच तर ते स्पर्धेत, एकेकट्याने, बक्षिसासाठी. मराठी शाळांतल्या वार्षिक हस्तलिखितांची कथाही वेगळी नाही. सुवाच्य अक्षर, कडेला वेलबुट्टी, खाली नाव, इयत्ता आणि तुकडी. त्यांत कविता आणि निबंध भरपूर सापडतील, पण ‘इयत्ता पाचवी, संपूर्ण वर्ग’ अशी सही असलेली गोष्ट विरळा.

बदलाची चाहूल १९८०च्या दशकात लागली. दिल्ली विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात अध्यापन करणारे कृष्ण कुमार यांचे मुलाची भाषा आणि शिक्षक या विषयावरील छोटे पुस्तक १९८६ साली आले. त्यांचा आग्रह साधा होता. वर्गातील मुलांचे बोलणे म्हणजे गोंगाट नव्हे. ते शिक्षणाचे भांडवल आहे, आणि वाचन-लेखनाची इमारत त्याच्यावरच उभी राहते. ‘गप्प बसा’ हे ज्या देशातल्या वर्गांचे ब्रीदवाक्य, तिथे हे म्हणायला धैर्य लागत होते. त्याच सुमारास भोपाळहून एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे मासिक १९८५पासून निघू लागले आणि मुलांचे स्वतःचे लेखन दुरुस्त्यांचा रंधा न फिरवता छापू लागले. महाराष्ट्रात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणि कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद’मधून मुलांच्या अनुभवाला व भाषेला वर्गात मानाचे स्थान दिले. दिल्लीत गीता धर्मराजन यांच्या ‘कथा’ या संस्थेने कालकाजीजवळच्या गोविंदपुरीच्या दाट वस्तीत १९९० साली शाळा सुरू केली आणि गोष्ट हाच साऱ्या विषयांच्या अध्यापनाचा कणा मानला.

या सगळ्यांत सर्वांत पुढे गेलेला प्रयोग मात्र शाळेच्या चार भिंतींबाहेर झाला. ‘अंकुर’ ही संस्था १९८३पासून दिल्लीच्या कामगार वस्त्यांतील मुलांबरोबर काम करीत होती. २००१ साली तिने विकासशील समाज अध्ययन पीठाच्या ‘सराय’ या उपक्रमाच्या साहाय्याने ‘सायबर मोहल्ला’ सुरू केला. लोकनायक जयप्रकाश रुग्णालयाजवळची, त्याच नावाची झोपडवस्ती हे पहिले ठिकाण. एका छोट्या खोलीत मोजके संगणक आले आणि त्या खोलीला ‘कंप्यूघर’ हे नाव पडले. पुढे दक्षिणपुरी आणि यमुनेकाठची नांगला माची या वस्त्यांतही अशी केंद्रे निघाली. येणारी मुले-मुली बहुतेक किशोरवयीन होती. काही शाळेत जाणारी, काही शाळा सुटलेली.

संगणकाचे आकर्षण होतेच, पण या प्रयोगाचे मर्म त्यात नव्हते. ते रोजच्या एका रिवाजात होते. सर्वांनी एखादा शब्द किंवा प्रसंग घेऊन लिहायचे, मग एकमेकांना वाचून दाखवायचे. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणून मोकळे व्हायचे नाही. गल्लीच्या तोंडाशी कोण उभे होते, नळावरचे भांडण कशावरून झाले, पहाटेचा आवाज कशाचा होता, असे प्रश्न विचारायचे. लिहिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून आणायचे. एकाच्या मजकुरात दुसऱ्याची आठवण मिसळे, तिसरा तीच घटना आपल्या दारातून पाहून सांगे. त्यातून ‘इबारत’ हे भित्तिपत्र निघाले, २००२ साली ‘गलियों से’ हे पुस्तक निघाले. आणि मग २००६ साल उजाडले.

नांगला माची ही प्रगती मैदानासमोर, रिंग रोड आणि यमुना यांच्या मधल्या राखेच्या भरावावर अनेक वर्षांच्या कष्टाने वसलेली वस्ती. न्यायालयाच्या आदेशानंतर त्या वर्षी ती पाडण्यात आली. पात्र ठरलेल्या कुटुंबांना शहराच्या वायव्य टोकाला, सावदा घेवरा येथे रिकामे भूखंड मिळाले. जी पात्र ठरली नाहीत त्यांना तेही मिळाले नाही. कंप्यूघरातली मुले हे सारे होत असताना लिहीत होती. पाहणीसाठी आलेले कर्मचारी, कागदपत्रांच्या पिशव्या, सामान बांधताना सापडलेल्या वस्तू, शेवटच्या रात्रीचा उजेड, असे ज्याने जे पाहिले ते त्याने लिहिले आणि ते एकत्र वाचले गेले. दक्षिणपुरी आणि लोकनायक वस्तीतल्या त्यांच्या सोबत्यांचे लेखन त्यात मिळाले आणि २००७ साली ‘बहुरूपिया शहर’ हा हिंदी संग्रह राजकमल प्रकाशनाने काढला. लेखक म्हणून वीसएक तरुण-तरुणींची नावे त्यावर आहेत. श्वेता सारदा यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१० साली पेंग्विनने प्रसिद्ध केला.

दिल्लीवर पुस्तके पुष्कळ आहेत. बादशहांची, कवींची, वास्तुरचनाकारांची दिल्ली पानोपानी भेटते. वस्ती उठत असताना त्याच वस्तीतल्या मुलांनी मिळून लिहिलेले दिल्लीचे पुस्तक मात्र दुर्मीळ आहे, आणि ते एकट्या प्रतिभावंताच्या हातून झाले नसते. जे घडते आहे ते लिहिण्याजोगे आहे, हा भरवसा त्या मुलांना चार-पाच वर्षे रोज ऐकणाऱ्या सोबत्यांनी दिला होता. सर्जनशीलता वाढवण्यासाठी मुलाला मोकळे सोडावे, असे वारंवार म्हटले जाते. सायबर मोहल्ल्याचा दाखला वेगळे सांगतो. तिथे मोकळीक होती, तितकीच शिस्तही होती. आणि ती शिस्त ऐकण्याची होती.

या पद्धतीला युरोपात एक थोरले भावंड आहे. इटलीतील बार्बियाना या डोंगरातल्या खेड्यात लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने शाळेतून नापास होऊन बाहेर फेकलेल्या मुलांना शिकवले आणि त्यांतल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आणि शिक्षकांच्या अनेक पिढ्यांनी ते वाचले. त्यातला संतापच बहुधा लक्षात राहतो. लिहिण्याची कृती विसरली जाते. ती मात्र फार व्यवहार्य आहे. एका चिठ्ठीवर एकच कल्पना लिहायची, चिठ्ठ्या टेबलावर पसरून जवळच्या जवळ ठेवायच्या, त्यांची प्रकरणे पाडायची. मग मजकूर मोठ्याने वाचत जायचा आणि प्रत्येक वाक्यातला नको असलेला शब्द काढण्याची जणू स्पर्धा लावायची. शेवटी, फारसे न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचे. त्याला कळले नाही तर चूक लिहिणाऱ्यांची. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गात छपाईयंत्र आणून मुलांचे मजकूर फळ्यावर सर्वांनी मिळून सुधारण्याची रीत घातली होती, आणि इटलीतच जानी रोदारी यांनी १९७३च्या आपल्या पुस्तकात कुत्रा आणि कपाट असे दोन असंबद्ध शब्द शेजारी ठेवून गोष्ट सुरू करण्याची युक्ती सांगितली. युक्त्या हव्या तितक्या मिळतात. मिलानींच्या चिठ्ठ्यांत काटछाट आहे, म्हणून त्या अधिक मोलाच्या.

धोरणांच्या कागदावर या विचाराला आज विरोध उरलेला नाही. यशपाल समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरला. कृष्ण कुमार एनसीईआरटीचे संचालक असताना आलेल्या २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाला ज्ञानाचा रचयिता म्हटले आणि त्यानंतरच्या ‘रिमझिम’ या हिंदी पाठ्यपुस्तकांत गोष्ट पुढे नेण्याचे, चित्रावरून गोष्ट रचण्याचे स्वाध्याय आले. दिल्ली सरकारच्या शाळांत २०१८ साली ‘हॅपिनेस’चा तास सुरू झाला आणि त्यात गोष्ट व तिच्यावरची चर्चा होती. २०२२चा पायाभूत स्तराचा आराखडा तर गोष्ट, गाणे आणि गप्पा यांनी भरलेला आहे. पण पुस्तकात ‘ही गोष्ट पुढे न्या’ असे छापून खाली चार रिकाम्या ओळी आखल्या की सामूहिक रचनेचा गृहपाठ होतो, आणि गृहपाठाचे उत्तर बाजारातल्या मार्गदर्शकात मिळते. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘दिलेल्या मुद्द्यांवरून कथा लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे आहे. शीर्षकाचा गुण, तात्पर्याचा गुण. तात्पर्य आधी ठरलेले असले की गोष्टीत काही घडण्याची सोयच राहत नाही. टॉल्स्टॉय यांचा वर्गही म्हणीवरूनच निघाला होता, पण मुले म्हणीपाशी थांबली नाहीत.

दिल्लीच्या मराठी मुलांचा प्रश्न यात आणखी एका अंगाने मिसळतो. पहाडगंजातले बृहन्महाराष्ट्र भवन, करोलबागेतली जुनी बिऱ्हाडे, पुढे नोएडा, गुडगाव आणि द्वारकेपर्यंत पसरलेली कुटुंबे यांत वाढणाऱ्या मुलाची घरातली मराठी आजीशी बोलण्यापुरती, मैदानावरची भाषा हिंदी आणि भविष्याची इंग्रजी. एकट्याने मराठीत निबंध लिहायला बसवले की ते मूल अडखळते. शब्द आठवत नाही म्हणून विचारच लहान करते. वर्ग मिळून गोष्ट रचतो तेव्हा एकाला ‘छज्जा’ सुचतो, दुसरा ‘सज्जा’ म्हणतो, तिसऱ्याच्या कोकणातल्या आजोळी त्याला ‘पडवी’ म्हणतात असे निघते. छज्जा आणि पडवी एकच का, यावर वाद होतो आणि त्या वादातच भाषा शिकली जाते. शिक्षकाने तिन्ही शब्द फळ्यावर लिहावेत आणि गोष्टीतल्या मांजराने उडी कोठून मारली हे वर्गाला ठरवू द्यावे. अशुद्ध म्हणून पहिला शब्द पुसला, तर तो उच्चारणारे मूल उरलेल्या तासात पुन्हा बोलत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. पस्तीस मिनिटांच्या तासात पन्नास मुलांचे ऐकायचे कसे? चार धीट मुले गोष्ट पळवतात आणि मागच्या बाकावरची गप्प राहतात. यास्नाया पोल्यानातही शेवटी दोघेच उरले होते, हे विसरून चालणार नाही. अनुभवी शिक्षक वर्गाचे लहान गट करतात, बोलण्याची पाळी लावतात, न बोलणाऱ्या मुलाकडे चित्राचे काम देतात आणि मग त्या चित्रावरून गोष्टीला वळण देतात. गुण कोणाला द्यायचे, या प्रश्नाला मात्र कोणाकडेच चोख उत्तर नाही. भोंडल्यातल्या फेरात कोणती ओळ कोणी घातली, जात्यावरच्या ओवीत पहिला शब्द कोणाचा, हे मराठी बायांनी कधी विचारले नाही. २०२५च्या फेब्रुवारीत तालकटोरा मैदानावर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली झालेल्या संमेलनानंतर एकाहत्तर वर्षांनी ते दिल्लीत आले होते, आणि या वेळी अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. नाव नसलेल्या, अनेक कंठांनी मिळून रचलेल्या वाङ्मयाचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्यभराचे कार्य आहे. शाळेच्या गुणपत्रिकेत अशा वाङ्मयासाठी रकाना नाही.

शाळांच्या दफ्तरात जुने निकाल सापडतात, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे सापडतात, बक्षीसपात्र निबंधांच्या वह्याही क्वचित सापडतात. वर्गाने मिळून रचलेली गोष्ट तिथे मिळत नाही. ती फळ्यावर लिहिलेली असते, आणि पुढच्या तासाचे गणिताचे गुरुजी दारात उभे राहिले की डस्टर फिरते. एखाद्या वर्गात एखादी मुलगी तेवढ्या घाईत ती वहीत उतरवून घेते. त्या वहीच्या मुखपृष्ठावर मराठी, गृहपाठ, एवढेच लिहिलेले असते.